डिकीतला सीडी चेंजर अडखळू लागल्यास

बसवण्याआधी नीट वाजणारा सीडी चेंजर गाडीत बसवल्यानंतर अडखळू लागला, तर दोष यंत्रात नसून बसवण्यात आहे असे धरूनच शोधाला सुरुवात करावी. कारण मधल्या काळात यंत्राची लेन्स बदललेली नसते, बदललेली असते ती त्याची जागा, त्याचा कोन, त्याला मिळालेला आधार आणि त्याला होणारा वीजपुरवठा. प्रत्यक्षात मात्र बहुधा उलटा क्रम चालतो. आधी लेन्स पुसली जाते, मग लेसरची शक्ती वाढवण्यासाठी आतला बारीक स्क्रू पेचकसाने फिरवला जातो, आणि एवढे करून चांगला चालणारा भाग कायमचा बिघडल्यावर ज्या दोन-तीन रंगीत स्क्रूंमुळे हा सगळा प्रकार घडला ते पेटीच्या तळाशी जसेच्या तसे राहिलेले आढळतात.

चेंजर म्हणजे सहा, दहा किंवा बारा तबकड्या मॅगझिन नावाच्या सरकत्या पेटीत ठेवून त्यांतील हवी ती आपोआप वाजवणारे यंत्र. ते डिकीत, पुढच्या सीटखाली किंवा क्वचित डॅशबोर्डच्या कप्प्यात बसते आणि जाड बहुतारी केबलने पुढच्या स्टीरिओला, म्हणजे हेड युनिटला, जोडलेले असते. सीडी प्रथम बाजारात आली ऑक्टोबर १९८२ मध्ये. पण पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील मोटारींत चेंजर दिसू लागण्यास पुढचे दशक उजाडावे लागले. १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरीतील आवारात मर्सिडीज-बेंझची जुळणी सुरू झाली, जी २००९ मध्ये चाकणला हलली, आणि १९९८ मध्ये टेल्कोने सफारी व इंडिका आणल्या. त्या काळात डिकीतला चेंजर ही मिरवण्याची वस्तू होती. पुढे पेन ड्राइव्ह आणि मोबाइल फोन आल्यावर ती मागे पडली. आज चेंजर बसवला जातो तो प्रामुख्याने जुनी गाडी मूळ रूपात जपणाऱ्यांकडून, आणि तोही जुन्या बाजारातून आणलेला, म्हणजे माहितीपुस्तिका, मूळ क्लॅम्प आणि मूळ स्क्रू यांपैकी काहीतरी हरवलेला. खालील विवेचन हा वापरलेला चेंजर डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

अडखळण्याचे कारण कळण्यासाठी यंत्राला किती सूक्ष्म काम करावे लागते ते लक्षात घ्यावे लागते. सीडीवरील माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेवर कोरलेली असते आणि या रेषेच्या दोन लगतच्या वेढ्यांत केवळ १.६ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून किंचित अधिक, अंतर असते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक वेढे सहज मावतील. तबकडी आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० आणि बाहेरच्या कडेला सुमारे २०० फेरे घेत असताना लेसरचा ठिपका या रेषेवर टिकवण्याचे काम लेन्सभोवतीची दोन बारीक वेटोळी करतात: एक लेन्सला वर-खाली हलवून प्रकाश नेमका एकवटते, दुसरे तिला आडवे हलवून रेषेवर ठेवते. या अखंड दुरुस्तीच्या यंत्रणेला सर्व्हो म्हणतात. तबकडीवरचे बारीक ओरखडे गणिती दुरुस्तीने भरून निघतात, रेषेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड ऐकणाऱ्याला कळतही नाही. परंतु धक्क्याने ठिपकाच शेजारच्या वेढ्यावर गेला, तर दुरुस्तीसाठी हातात काही उरत नाही आणि गाणे पुढे किंवा मागे उडी मारते.

असा धक्का लेन्सपर्यंत पोहोचू नये म्हणून चेंजरच्या आतली संपूर्ण वाजवणारी यंत्रणा बाहेरच्या पत्र्याच्या पेटीला घट्ट जोडलेली नसते. ती चार स्प्रिंगांवर झोळीसारखी टांगलेली असते आणि तिची हेलकावणी आवरण्यासाठी घट्ट सिलिकॉन तेलाने भरलेल्या रबरी डबीसारखे डॅम्पर बसवलेले असतात. ही टांगलेली यंत्रणा वाहतुकीत आपटून मोडू नये म्हणून कारखान्यातून निघताना ती स्क्रूंनी पेटीला जखडली जाते. हे वाहतूक-स्क्रू बहुधा लाल किंवा पिवळे असतात, पेटीच्या तळाशी अथवा बाजूला असतात, आणि बसवण्यापूर्वी ते काढून त्यांच्या छिद्रांवर धूळ न जाण्यासाठी चिकटपट्टी लावायची असते. ते राहून गेले तर चेंजर उभ्या गाडीत उत्तम वाजतो आणि पहिल्याच गतिरोधकावर अडखळतो, ही या दोषाची ठळक खूण आहे. जुन्या चेंजरच्या बाबतीत पूर्वीच्या मालकाने हरवलेल्या स्क्रूंऐवजी साधे स्क्रू लावून तो पाठवलेला असू शकतो, त्यामुळे रंग पाहून समाधान मानू नये. पेटी हातात धरून हलकेच हलवली असता आतले वजन मऊपणे झुलल्याचे जाणवले पाहिजे.

दुसरी बाब कोनाची. तीच स्प्रिंग यंत्रणा आडवी असताना जे वजन एका दिशेने पेलते, तेच यंत्र उभे केले की दुसऱ्या दिशेने पेलावे लागते, म्हणून बहुतेक चेंजरच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे टोक सरकवण्याची खाच असते आणि तिच्याशेजारी आडवे, ४५ अंश व उभे अशा खुणा असतात. दोन्ही बाजूंच्या खाचा एकाच खुणेवर हव्यात आणि ती खूण प्रत्यक्ष बसवलेल्या कोनाशी जुळली पाहिजे. खूण चुकली, तर टांगलेली यंत्रणा एका बाजूला लोंबून पेटीच्या भिंतीला टेकते, आणि मग स्प्रिंग असूनही नसल्यासारखी होऊन प्रत्येक धक्का थेट लेन्सपर्यंत जातो. कोन मोजताना गाडी सपाट जागी उभी असावी. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर मोजलेला कोन फसवा असतो. पिंपरी-चिंचवडमध्ये या चुकीला एक खास निमित्त मिळते. गाडीला सीएनजी किट बसवले की डिकीचा मोठा भाग सिलिंडर व्यापतो, चेंजरला उरते ती मागच्या सीटच्या पाठीला चिकटून असलेली अरुंद फट, आणि आडवा बसणारा चेंजर तेथे तिरपा किंवा उभा कोंबला जातो. खाच मात्र आडव्याच खुणेवर राहते.

सीएनजीच्या संदर्भात सुरक्षिततेची सूचना येथेच देणे आवश्यक आहे, कारण सिलिंडरमधील वायू सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या दोनशेपट, दाबाखाली असतो. चेंजरचा क्लॅम्प सिलिंडरच्या चौकटीला किंवा पट्ट्याला कधीही जोडू नये आणि नळीच्या मार्गाजवळ ड्रिल चालवू नये. सीएनजी नसलेल्या गाडीतही डिकीच्या पत्र्याखाली इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या असू शकतात. म्हणून भोक पाडण्यापूर्वी गाडी वर उचलून खालची बाजू पाहिल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये, मग फिटिंग करणारा कितीही घाईत असो.

आधाराच्या बाबतीत एक गैरसमज फार रुजलेला आहे. चेंजर धक्क्याने अडखळतो, तर त्याच्याखाली फोम, स्पंज किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा म्हणजे धक्का बसणार नाही, असे अनेकांना वाटते आणि ते वरवर पटतेही. वस्तुतः आतल्या स्प्रिंग आणि डॅम्पर हे बाहेरची पेटी गाडीच्या पत्र्याशी एकजीव असेल असे धरूनच जुळवलेले असतात. तिच्याखाली आणखी एक मऊ थर घातला की एकावर एक दोन झुलत्या वस्तू तयार होतात, आणि विशिष्ट वेगाच्या हादऱ्यांत त्या एकमेकींची हेलकावणी कमी करण्याऐवजी वाढवतात. चेंजर बाहेरून घट्ट आणि आतून मोकळा असला पाहिजे. त्यासाठी क्लॅम्पचे स्क्रू डिकीच्या गालिच्यातच न संपता पत्र्यापर्यंत पोहोचावेत, क्लॅम्पखालचा गालिचा शक्यतो कापून काढावा, आणि चारही बाजूंना आधार असावा. एकाच टोकाला धरलेली लांब पट्टी रस्त्यावर कंप पावते. मागच्या काचेखालचा पातळ पत्रा ही सर्वांत वाईट जागा, त्यातही त्यावर स्पीकर असतील तर. आणखी एक बारकावा असा की पेटीला लावण्याचे स्क्रू मूळ लांबीचेच वापरावेत, कारण हाताला लागला तो लांब स्क्रू घातला की त्याचे टोक आत झुलणाऱ्या यंत्रणेला टेकते आणि वाहतूक-स्क्रू काढल्याचा सगळा फायदा नाहीसा होतो.

एवढे तपासूनही अडखळणे थांबले नाही, तर खोलवर जाण्यापूर्वी ते कधी होते याची नोंद ठेवावी. या नोंदीतून अर्धे निदान होते. एकाच तबकडीच्या एकाच गाण्यात ठरावीक जागी अडखळत असेल, तर दोष त्या तबकडीचा आहे. प्रत्येक तबकडीत साधारण त्याच मिनिटाला अडखळत असेल, तर लेन्सची गाडी ज्या दांडीवरून बाहेर सरकते तिथे वाळलेले ग्रीस किंवा कचरा आहे. केवळ शेवटच्या गाण्यांत त्रास होत असेल, तर तबकडी वाकलेली असण्याची शक्यता अधिक, कारण वाकणे बाहेरच्या कडेला सर्वाधिक जाणवते. सुरुवातीलाच तबकडी ओळखता येत नसेल, तर लेसर क्षीण झाला आहे किंवा फिरवणारी मोटर झिजली आहे. डिस्प्लेवरील सेकंदांकडेही लक्ष द्यावे: आवाज तुटला आणि सेकंदही पुढे-मागे गेले, तर लेसरची रेषा सुटली आहे, आवाज तुटला पण सेकंद एकसारखे पुढे सरकत राहिले, तर तबकडी नीट वाचली जात आहे आणि दोष केबलमध्ये, प्लगमध्ये किंवा अँप्लिफायरमध्ये आहे. ज्या गाड्यांत हेड युनिटला चेंजरचा सॉकेटच नसतो तेथे एफएम मॉड्युलेटर बसवलेला असतो, म्हणजे चेंजरचा आवाज अँटेनाच्या तारेतून एका एफएम वारंवारतेवर रेडिओला दिला जातो. तेथे अँटेनाचा प्लग सैल असणे किंवा निवडलेली वारंवारता पुण्यातील ९१.१, ९८.३ अथवा १०१ मेगाहर्ट्झसारख्या जोरदार केंद्राच्या लगत असणे, यांनाही लोक अडखळणेच समजतात.

पुढची पायरी रस्त्याची, आणि या बाबतीत पिंपरी-चिंचवडचा पट्टा अभ्यासकाच्या सोयीचा आहे. कारखान्यांत बनणारे सुटे भाग कंपनाच्या टेबलावर तासन्‌तास हलवून तपासले जातात. गल्लीतल्या दुकानात झालेल्या फिटिंगला मात्र रस्त्याखेरीज दुसरी प्रयोगशाळा नसते. प्रथम गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून, चांगल्या अवस्थेतील छापील सीडी वीस-तीस मिनिटे वाजवावी; मग इंजिन सुरू करून; मग डिकीची कड हाताने दाबून सोडून गाडी झुलवत; मग पेटीवर बोटांनी हलके टिचकावत. टिचकीनेच गाणे उडी मारत असेल, तर रस्त्यावर जाण्याची गरज नाही, आतली यंत्रणा कुठेतरी टेकलेली आहे. त्यानंतर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर निगडी ते दापोडी या सरळ पट्ट्यात फेरी मारावी. येथेही अडखळत असेल, तर कारण खड्डे नव्हेत. दुसरी फेरी गतिरोधक आणि पेव्हर ब्लॉक असलेल्या वसाहतीतील रस्त्यांची, कारण गतिरोधकाचा मोठा संथ हेलकावा आणि ब्लॉकचा बारीक थरथराट हे दोन वेगळे हादरे आहेत: पहिल्यात अडखळल्यास स्प्रिंगचा कोन किंवा तेल गळालेले डॅम्पर, दुसऱ्यात अडखळल्यास सैल क्लॅम्प असा संशय घ्यावा. किवळ्यापासून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे काँक्रीट तिसऱ्याच प्रकारचा हादरा देते; काँक्रीटच्या सांध्यांमधील अंतर साडेचार मीटर धरले, तर ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला सेकंदाला सुमारे पाच ठोके बसतात, आणि एका ठरावीक वेगालाच अडखळणारा चेंजर बहुधा अशा नियमित ठोक्यांशी झुलू लागलेला असतो. तेथे क्लॅम्पला आणखी एक आधार दिल्यास उपयोग होतो. चाकण-तळेगाव रस्त्यावरील खड्ड्यांत, कंटेनरच्या मागे पुढे होत जाताना, कधीतरी अडखळणे हा मात्र दोष मानू नये. त्या धक्क्यांसाठी कोणताही चेंजर बनवलेला नाही. गाडीचे स्वतःचे शॉक अॅबसॉर्बर थकलेले असतील किंवा टायरमध्ये हवा जास्त असेल, तर तेही याच वेळी लक्षात येते. या सर्व फेऱ्यांत नोंद घेण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे, चालवणाऱ्याने नव्हे.

रस्त्याशी संबंध न लागणारे अडखळणे पुष्कळदा विजेचे असते. चेंजरला सहसा तीन तारा लागतात: बॅटरीशी कायम जोडलेली, बहुधा पिवळी; किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, बहुधा लाल; आणि बॉडीला जोडलेली काळी अर्थिंगची. वायपर, ब्लोअर किंवा ब्रेकचे दिवे चालू केल्यावर गाणे तुटत असेल, तर अर्थिंगकडे प्रथम पाहावे, कारण रंगावर आवळलेला स्क्रू विजेसाठी अर्धवटच जोडलेला असतो. तेथील रंग खरवडून उघडा पत्रा काढावा, तारेच्या टोकाला रिंगचे टर्मिनल लावून दातेरी वॉशरसह आवळावे आणि गंजू नये म्हणून वरून रंग किंवा ग्रीस लावावे. चेंजर वाजत असताना मल्टिमीटरचे एक टोक त्याच्या अर्थिंगला व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावल्यास ०.१ व्होल्टपेक्षा फारसा फरक दिसू नये, आणि इंजिन चालू असताना चेंजरच्या पिवळ्या तारेवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. सिग्नलची केबल अँप्लिफायरच्या जाड वीजतारेला समांतर नेऊ नये, तसेच ती सीटच्या सरकपट्टीखाली चेपत नाही हे सीट पूर्ण मागे-पुढे करून पाहावे. बॅटरीचे टोक काढण्याआधी हेड युनिटचा सांकेतिक क्रमांक हाताशी आहे याची खात्री करणे जुन्या युरोपीय गाड्यांत फार महत्त्वाचे आहे, नाहीतर वीज परत आल्यावर स्टीरिओ चोरीचा समजून बंदच राहतो.

तबकड्यांबाबत थोडक्यात एवढेच की घरी लिहिलेल्या सीडीवरून चेंजरची परीक्षा करू नये. जुन्या चेंजरना लिहिता येणारी सीडी कमी प्रकाश परावर्तित करते म्हणून जड जाते, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी तर बहुधा वाचताच येत नाही, आणि एमपी३ फाइल भरलेली तबकडी अनेक चेंजर ओळखतच नाहीत. कागदी लेबल चिकटवलेली तबकडी चेंजरमध्ये कधीच घालू नये. असमान वजनाने ती थरथरते आणि मे महिन्यात बंद डिकीत तापून तिचे लेबल सुटले, तर मॅगझिनच अडकून बसते.

आता लेन्स. चाकणच्या रस्त्याकडेची धूळ आणि कारखाना-परिसरातील बारीक काजळी डिकीच्या रबरी कडांतून आत शिरते, त्यामुळे काही काळाने लेन्सवर पापुद्रा साचणे स्वाभाविक आहे. पण तो हळूहळू साचतो, बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. स्वच्छता करायची झाल्यास हातपंपाने हवा मारून, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने लेन्सवर दाब न देता गोलाकार पुसावे. थिनर, पेट्रोल किंवा नखरंग काढण्याचे द्रव प्लॅस्टिकच्या लेन्सला कायमची आंधळी करतात. पेटी उघडी असताना चेंजर चालू ठेवून लेन्सकडे पाहू नये, कारण ७८० नॅनोमीटरचा हा लेसर डोळ्याला जवळजवळ दिसत नसला तरी दृष्टीला इजा करू शकतो. पावसाळ्यात किंवा थंडीच्या पहाटे लेन्सवर दव धरल्यानेही तबकडी वाचली जात नाही. अशा वेळी मॅगझिन काढून यंत्र तासभर तसेच ठेवले की दव आपोआप उडते आणि पुसापुशीची गरज पडत नाही.

या सर्व तपासण्यांनंतरही उभ्या गाडीत, छापील सीडीवर, योग्य व्होल्टेज मिळत असताना चेंजर अडखळत असेल, तर लेसरचे किंवा डॅम्परचे आयुष्य संपलेले आहे. तळाशी तेलाचे ओघळ दिसले, तर डॅम्पर फाटला आहे हे नक्की समजावे. सुटे भाग मिळणे दुरापास्त झाल्याने त्याच कंपनीचा दुसरा बंद पडलेला चेंजर घेऊन एकाचे भाग दुसऱ्याला लावणे हाच बहुधा व्यवहार्य मार्ग उरतो. तेही जमले नाही, तर चेंजरच्याच सॉकेटला बसणारा आणि हेड युनिटला आपण चेंजर असल्याचे भासवणारा अडॅप्टर काही गाड्यांसाठी मिळतो. त्यात पेन ड्राइव्ह किंवा फोन जोडता येतो आणि मूळ स्टीरिओ हलवावा लागत नाही. अडॅप्टर लावल्यावरही गाणे तुटत राहिले, तर तबकडी आणि लेन्स दोन्ही आता वाटेत नाहीत, आणि शोध केबलच्या प्लगपासून पुन्हा सुरू करावा लागतो.